काळी चारमधली काडी

मी लहानपणापासून तोंडाळ. आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा रडली नाही, सुइणीशी भांडली. त्यामुळे आमच्या बाबांना कुणी ‘भैरवीबुवा’ म्हटलं की माझं डोकं सटकायचं. एकदा पिठाच्या गिरणीवर एका बाईने हसत हसत तसं म्हटलं, तर मी दळण तिथेच टाकून तिच्याशी अशी जुंपले, की गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “अगो, भैरवी काय शिवी आसा?” शिवी नव्हती, हेच तर दुखणं होतं. शिवी असती तर परत देता आली असती.

बाबा दिवसा भांडुपच्या एका कंपनीत फिटर आणि बाकी वेळी बुवा. बुवा म्हणजे भजनी मंडळाचा मुख्य गायक. पेटीही तोच वाजवणार, मागे पखवाज, टाळ-झांजा आणि कोरस धरणारी आठ-दहा माणसं. आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणातली, आणि कोकणातल्या माणसाला गणपती, सत्यनारायण, मंडळाचा वाढदिवस, काहीही पुरतं, लगेच डबलबारी ठरते. समोरासमोर दोन मंडळं बसतात. एक बुवा गातो, दुसरा त्याला गाण्यातूनच उत्तर देतो, अधूनमधून एकमेकांना चिमटे काढतो, आणि लोक जिलबीसारखे ते चिमटे चघळत बसतात. आमच्या बाजूची एक रीत होती. एका बुवाने सवाल म्हणून एखादी चाल टाकली, की दुसऱ्याने आधी त्याच सुरांत तिचं तोंड, म्हणजे पहिली ओळ, गाऊन दाखवायचं आणि मगच पुढे जायचं. नाही जमलं, तर नाही जमलं. निकाल कोणी जाहीर करत नाही, पण दुसऱ्या दिवशी दूध केंद्राच्या रांगेत सगळ्यांना तो माहीत असतो.

आता भैरवी. भैरवी म्हणजे कार्यक्रमाचा शेवट. बुवांनी भैरवी घेतली की टाळकरी टाळ पुसायला लागतात, बायका झोपलेली पोरं खांद्यावर टाकतात आणि माणसं चपला शोधायला उठतात. बाबांचं प्रेम मात्र नेमकं भैरवीवर. त्यांच्या गळ्यात ती इतकी गोड बसलेली होती, की मधल्याच एखाद्या अभंगात ते तिच्यात शिरायचे आणि रमायचे. बोरिवलीच्या बारीत समोरच्या बुवांनी हे बरोबर हेरलं. तरुण माणूस, गळा तयार, जीभ त्याहून तयार. माईकवर म्हणाले, “बुवांची बारी सुरू झाली की संपली, तेच कळत नाही हो! आल्यापासून भैरवीच चालू आहे. आम्ही चपला घालू की काढू?” सगळा मांडव हसला. बाबाही हसले. पण पेटी बंद करताना त्यांचा हात भात्यावर जरा जास्तच वेळ राहिला, ते मी बायकांच्या रांगेतून पाहिलं. तिथून ते नाव चिकटलं.

पुढच्याच आठवड्यात पखवाजवाले काका घरी आले. बाबांचे जुने सोबती, गावचे, मंडळ काढलं तेव्हापासूनचे. त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायला नाही, आणि एकदाचं बोलून टाकलं. मंडळातल्या पोरांचं म्हणणं होतं, की बुवांचं आता जुनं झालं. घाटकोपरला त्याच बोरिवलीच्या बुवांबरोबर पुन्हा बारी ठरली होती. तिथेही असंच हसं झालं, तर पेटीवर दुसरा बसेल. कोरसमधला एक बँकेतला मुलगा नवीन सिनेमाच्या चालींवर अभंग बसवत होता, त्याचं नावही ठरून गेलं होतं.

“बरोबर आसा तेंचा,” बाबा म्हणाले.

मी उसळले. “काय बरोबर? कशाचं बरोबर? मंडळ कुणी काढलं? पेटी कुणाची?”

“पेटी माझी,” बाबा शांतपणे म्हणाले. “पण पेटी माझी म्हणून बुवा मी, असा नसता गो.”

काका गेल्यावर बाबा भिंतीला टेकून बसले. उजव्या हाताची बोटं लादीवर चालत होती, सूर नव्हता, नुसता टकटक आवाज. मला इतका राग आला होता, की मी मोरीत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासली. बाबांची पेटी सुटली, तर त्या माणसात उरणार काय होतं? कंपनीचा डबा आणि शिफ्ट. ती पेटी त्यांच्याकडे राहायलाच हवी होती. पण मी करणार काय? मंडळात बाई बसत नव्हती.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि शनिवारी मुलुंडला बाईंकडे गाणं शिकायला जात होते. विशारदची तयारी चालली होती. बाई एका शाळेत संगीत शिकवायच्या, एकट्या राहायच्या, आणि चुकलेल्या स्वराला ‘अय्या’ म्हणायच्या, एवढंच, पण त्या ‘अय्या’ने माणूस पार शरमायचा. त्या शनिवारी त्यांनी मूर्च्छना समजावून सांगितली. प्रकार सोपा आहे. पेटीच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या घ्या. पहिल्या पट्टीला सा म्हटलंत, तर सगळे शुद्ध स्वर मिळतात. त्याच पट्ट्या, पण दुसरीला सा म्हणा, काफीचे स्वर निघतात. तिसरीला सा म्हणा, भैरवी. चौथीला कल्याण. घर तेच, नुसता दरवाजा बदलला की आतलं सगळं वेगळं दिसतं. मला तर जादूच वाटली.

“आणि सातवी?” मी विचारलं.

“सातवीपासून निघालीस तर पंचम मिळत नाही,” बाई म्हणाल्या. “रे, ग, ध, नी सगळे कोमल मिळतात, मध्यम दोन-दोन मिळतात, पण प नाहीच. सा आणि प ही जोडी. तंबोऱ्याची पहिली तार कशाची? पंचमाची. पंचमच नाही तर सा उभा कशावर राहणार? म्हणून त्याला कोणी थाट म्हणत नाही, त्यात कोणी गात नाही. पुस्तकात एक ओळ आहे. परीक्षेला तेवढी पुरे.”

“पण गायलंच तर?”

बाई हसल्या. “मी कधी करून पाहिलं नाही गं. मला सवड झाली नाही. तुला असेल, तर बघ.”

एखादी गोष्ट कोणी करत नाही म्हटलं, की मला तीच करायची असते. खोड जुनी आहे. घरी आले, पेटी ओढली आणि सातव्या पट्टीला सा धरून वाजवायला लागले. सवयीने पंचमाचा सूर लावून ठेवला होता, आणि काय सांगू, वाट लागली! दातात वाळू यावी तसं वाटत होतं. पंचम बंद केला. मग विचार केला, काही रागांना तंबोरा मध्यमावर लावतात, तसं करू. मध्यमाचा सूर धरला आणि पुन्हा वाजवलं. अहाहा! एकदम गोड. मी खूश. बराच वेळ रमले होते.

आतून आईची हाक आली. “झाली ना भैरवी? संपला असेल रियाझ, तर तांदूळ निवडायला ये.”

“आई, ही भैरवी नाहीये!”

“मला नको शिकवू. तुझ्या बाबांशी संसार करून माझे कान किटलेत भैरवीने. ती वाजली की मी आपोआप चहाचं आधण ठेवते. हे बघ, ठेवलंसुद्धा!”

खरंच ठेवलं होतं.

मी आईवर वैतागले, तांदूळ निवडायला बसले, आणि चार खडे काढले असतील-नसतील तेवढ्यात हात थांबला. आई चुकली नव्हती. तिला शास्त्र येत नव्हतं, पण ती ऐकत होती ते खरं होतं. मी सा म्हणत होते सातव्या पट्टीला, पण मध्यमाचा सूर धरून ठेवल्यामुळे कानाने गुपचूप त्या मध्यमालाच सा मानून टाकलं होतं. आणि त्या पट्टीवरून पाहिलं, तर सगळे स्वर भैरवीचे! माझा बिचारा सा तिथे नुसता पंचम होऊन बसला होता. म्हणजे हा थाट लंगडा नव्हता. सा सोडून त्या मध्यमावर जरा रेंगाळलं, की कान उठून दुसऱ्या घरात राहायला जात होता, एवढंच. आणि दुसरं घर जवळचं आणि ओळखीचं, तिथे चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं!

मी सूप तसंच सोडून पुन्हा पेटीवर बसले. आता फक्त सा धरला. एकच सूर, दुसरा कुणी नाही. रे ला गेले, परत सा. खाली नी, परत सा. ग, रे, सा. तीव्र मध्यमाला धीटपणे जाऊन उभी राहिले, तिथून ग, रे, आणि परत सा. शुद्ध मध्यमाला नुसता हात लावायचा आणि निघायचं. दुसऱ्याच्या दारात गप्पा मारत उभं राहायचं नाही. आणि हळूहळू तो सा सा व्हायला लागला. त्याला आधार देणारा पंचम नव्हता, पण मी पुन्हा पुन्हा तिथेच येत होते, म्हणून ते घर झालं. अंगावर काटा आला माझ्या. असं काहीतरी अवघड, एकट्या माणसासारखं करारी. रडकं अजिबात नाही. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला माझं समजलं होतं. आजही सांगताना मान ताठ होते, आणि का होऊ नये?

आई दारात पिठाच्या हातांनी उभी होती. “हे काय वाजवतेस?”

“कसं वाटतंय?”

“चहा ठेवावासा वाटत नाही,” आई म्हणाली. मला याहून मोठं सर्टिफिकेट नको होतं.

त्याच संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले. मी त्यांना हातपायही धुऊ दिले नाहीत, ऐकवलंच. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “थोडा आणखी सांभाळून. मधी दोनदा भैरवी झाली.”

“तेच!” मी ओरडले. “तेच तर बाबा! जो नीट सांभाळणार नाही, त्याची भैरवी होणार. तुम्ही हे घाटकोपरला सवाल म्हणून टाका. त्यांना रीतीप्रमाणे तोंड गाऊन दाखवावं लागेल. आणि मग बघू कोण भैरवीबुवा!”

बाबांनी डोळे उघडले. खोडकरपणा त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी दिसला. पण लगेच विझला. “आणि माझीच झाली तर? सगळ्यांपुढे? माझ्या अंगातच ती भैरवी आसा गो बाय.”

हे मात्र खरं होतं. पुढचे रविवार आम्ही दोघं सकाळी पेटीवर बसायचो. बाबांचा सा काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, म्हणून तेच स्वर आम्ही तिथून धरले, आणि त्या सा चा पंचम येतो काळी चारवर, चौथ्या काळ्या पट्टीवर. इतक्या वर्षांची सवय. तोंडाने चाल गाताना त्यांची करंगळी आपसूक त्या काळी चारवर जायची, सा आणि प मिळून वाजायचे, आणि सगळं कोसळायचं. मी ओरडायची, ते सॉरी म्हणायचे, पुन्हा करंगळी तिथेच. एकदा मी त्यांच्या बोटावर फटका मारला. बापाच्या बोटावर! आई आतून म्हणाली, “घ्या, हेच राहिलं होतं बघायचं.” बाबा पोट धरून हसले. म्हणाले, “मार, मार. ह्या बोटाक गुरू भेटलो नाय कधी.”

शेवटी मी आगपेटीतली काडी अर्धी मोडली आणि काळी चारच्या फटीत घट्ट खुपसली. पट्टी खाली जाईना. बाबांची करंगळी तिथे गेली, मुका दगड लागला, परत आली. पुन्हा गेली, परत आली. पंचम मिळत नाही हे एकदा करंगळीला कळलं, तशी बाबांच्या गळ्यालाही वाट सापडली. त्यांनी एक अभंग त्या सुरांत बसवला. चाळीला संशय नको म्हणून आम्ही दर रविवारी आधी साधी, ओळखीची गाणी गायचो आणि मग दार लोटून हा अभंग. पखवाजवाले काका ताल पक्का करायला आले, तेव्हा अभंग संपल्यावर त्यांनी विचारलं, “बुवा, हा राग कुठचा?” बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, “हिका विचार. माझो नाय.” काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच गावावरून आले.

बारी रविवारी दुपारी होती. पोरांच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून सोसायटीने हॉल दिला तो तीन वाजताचा. हॉल भरून माणसं दारापर्यंत आली होती. मुलुंडच्या बाईंना मी आग्रह करून आणलं होतं, त्या पहिल्या रांगेत पदर सावरून बसल्या. मी आणि आई मागे, बायकांत. बाबांकडे बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती.

बोरिवलीच्या बुवांनी सुरुवातच चिमट्याने केली. “आज बुवा लवकर घरी सोडतील ना? चपला जवळच ठेवल्यात आम्ही.” हशा. बाबांनी हात जोडले. गायले, उत्तरं दिली, सरळ, साधं. गौळण झाली. मग त्यांनी खिशातून काडी काढली आणि काळी चारमध्ये खुपसली. मला हसू फुटलं. इतकी तयारी झाली होती, तरी स्वतःच्या करंगळीवर या माणसाचा भरवसा नव्हता!

आणि बाबा गायले. काय सांगू. हॉलमध्ये पहिल्यांदा कुजबुज झाली, कारण कानाला ओळखीचं काहीच लागत नव्हतं. मग कुजबुज थांबली. बाबा सा सोडून जात होते आणि परत येत होते, जात होते आणि परत येत होते, आणि दर खेपेला परत आले की ते जास्त त्यांचं वाटत होतं. तीव्र मध्यमावर त्यांनी आवाज मोकळा सोडला, तेव्हा बाईंचा हात आपोआप वर गेला आणि तसाच राहिला. माझे डोळे वाहत होते. वाहू दे म्हटलं. माझा बाप गातोय, मी सांगितलेल्या सुरांत गातोय, आणि एकदाही, एकदाही घसरला नाही.

“हा आमचा सवाल,” बाबा शेवटी म्हणाले. “बुवांनी तोंड गाऊन दाखवावा, आणि मग पुढे जावा.”

बोरिवलीचे बुवा हसत पेटीवर ओणवले. गळा तयार होता, कानही तयार. पहिली ओळ त्यांनी अगदी बरोबर उचलली. झकास उचलली, खोटं कशाला बोलू. मग सजवायला म्हणून शुद्ध मध्यमावर थांबले. तिथे थांबले, छान वाटलं, म्हणून आणखी थांबले. एक हरकत घेतली. गोड. फारच गोड. त्यांचा कोरसही मान डोलवायला लागला.

आणि आई उठली.

खरंच उठली. कुणाला चिडवायला नाही, कसलाही डाव नाही. पदर खोचला, पिशवी उचलली आणि तिच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “चला गं, भैरवी झाली. चपला शोधा.” आजूबाजूच्या चार-पाच बायका उठल्यासुद्धा. मागच्या दोन पुरुषांनी दाराकडे पाय वळवले. एकीने झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं. हात धरून मी आईला खाली ओढेपर्यंत सगळ्या हॉलच्या ध्यानात आलं, की बोरिवलीच्या बुवांनी भरदुपारी, अर्ध्या बारीत, भैरवी घेतली!

असा हशा मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. छप्पर उडेल असं वाटलं. पखवाजवाले काका तर पखवाजावर आडवेच पडले. बाबांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “बसा, बसा! माझी अर्धी बारी बाकी आसा हो. बुवांनी तुमका जायला नाय सांगितला!” पुन्हा हशा. पण त्या बुवांच्या तोंडचं पाणी पळालेलं पाहिल्यावर बाबांचा आवाज उतरला. “माझीपण अशीच होई, बुवा,” ते म्हणाले. “रोज होई. हे सूर असेच फसवतत.”

त्या माणसाचंही कौतुक करायला पाहिजे. राग आला असता तर नवल नव्हतं. त्याने पेटीवरचा हात काढला आणि सरळ विचारलं, “बुवा, मग तुम्ही घसरला नाहीत कसे? सांगा तरी.”

बाबांनी माईक उचलला आणि बायकांच्या रांगेकडे धरला. “माका नको विचारू. माझ्या चेडवाक विचार. हिने शिकवल्यान.”

हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. आई म्हणाली, “जा की आता! घरात तोंड बंद होत नाही!” मी गेले. एकदा बोलायला लागले की मला कुठे थांबता येतं? सांगितलं सगळं. सातवी पट्टी, पंचम कसा मिळत नाही, कान कसा शेजारच्या घरात जाऊन बसतो, आणि सा ला आधार नसला तरी माणूस पुन्हा पुन्हा परत आला की तो उभा राहतो. बोरिवलीच्या बुवांनी तिथल्या तिथे पुन्हा गाऊन पाहिलं, घसरले, पुन्हा गायलं, आणि तिसऱ्यांदा राहिले. टाळ्या त्यांनाही पडल्या. बाई उठून नुसत्या म्हणाल्या, “अय्या!” त्या दिवशीचा तो शब्द चुकीसाठी नव्हता.

मी परत रांगेत जायला वळले, तर पखवाजवाल्या काकांनी पखवाज जरा बाजूला सरकवला. “बुवा,” ते सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पेटी तुमचीच. आता कोणी तोंड उघडलं तर मी बघतो.” कोरसमधला तो बँकेतला मुलगा खाली बघून टाळ पुसत होता.

उरलेली बारी बाबांनी त्याच सुरांत पुरी केली, करंगळी काळी चारकडे फिरकलीच नाही. शेवटाला आले, आता खरीच भैरवी घ्यायची होती, त्यांची लाडकी. आणि त्यांनी पेटी सोडली. सतरंजीवर एका बाजूला सरकले आणि हाताने जागा थोपटली. “ये. भैरवी आज तू घे.”

मंडळात बाई बसत नव्हती. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. कुणी काही म्हणालं नाही. मी बसले. भाता ओढला, सा लावला, आणि भैरवीचं पहिलं पाऊल टाकायला करंगळी काळी चारवर ठेवली.

पट्टी हलेना. काडी तशीच होती, मी मोडलेली, त्यांनी खुपसलेली. आम्ही दोघंही विसरलो होतो. पंचमाशिवाय कसली भैरवी! मी घाबरून बाबांकडे पाहिलं. बाबांना कळलं, त्यांनी तोंड उघडून पंचम लावलाच असता.

पण त्याआधी समोरून तो सूर आला. बोरिवलीच्या बुवांनी माझा अडकलेला हात पाहिला होता. त्यांनी आपल्या पेटीवरची काळी चार दाबली आणि धरून ठेवली, भरभरून, न हलता. समोरच्या मंडळाच्या पेटीतून माझा पंचम येत होता. मी डोळे मिटले आणि बाबांची भैरवी गायले. ती संपेपर्यंत कुणी चपला शोधायला उठलं नाही.